दिसेनासा झालेला विनोदवीर

‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ हे नाव आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. १९६४ सालचा हा कृष्णधवल हिंदी चित्रपट. दिग्दर्शक शांतिलाल सोनी. नायक किशोर कुमार, नायिका कुमकुम, शिवाय मदन पुरी. एका रसायनामुळे माणूस अदृश्य होतो आणि मग काय काय घडतं, याची ही हलकीफुलकी कथा. विज्ञानकथा आणि विनोद यांची सांगड घालण्याचा आपल्याकडचा हा एक जुना प्रयत्न. चित्रपट लोक विसरले, पण त्यातलं एक गाणं साठ वर्षं उलटून गेली तरी कानावर पडतंच. आनंद बक्षी यांनी लिहिलेलं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी चाल दिलेलं आणि किशोर कुमारनं गायलेलं, दुखावलेल्या प्रियकराचं ते गाणं. रेडिओवर ते लागलं की आजही हातातलं काम थांबतं.

गाणं जगलं आणि चित्रपट गेला, यात नवल काही नाही. आपल्याकडं अशी उदाहरणं शेकड्यांनी सापडतील. पण हा चित्रपट आज का रंगत नाही, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचं उत्तर शोधताना आपल्या सिनेमाचा, आपल्या हसण्याचा आणि विज्ञानाकडं पाहण्याच्या आपल्या सवयीचाही थोडा इतिहास हाती लागतो.

काही महिन्यांपूर्वी ताथवड्याला आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही काही ज्येष्ठ मंडळींनी हा चित्रपट पुन्हा लावला. ताथवडं म्हणजे एके काळी ज्वारीची शेतं, नृसिंहाचं देऊळ आणि मुंबईच्या दिशेला जाणाऱ्या गाड्यांचा लांबून येणारा आवाज. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज तिथं उंच इमारती आहेत, इंजिनिअरिंगची महाविद्यालयं आहेत आणि त्या महाविद्यालयांतली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं आहेत. त्यातली चार-पाच मुलं आमच्याबरोबर बसली होती. पहिली वीस मिनिटं त्यांनी उत्सुकतेनं पाहिलं. पुढं पुढं ती फक्त दोरा कुठं दिसतो का, एवढंच शोधू लागली. त्यानंतर हळूच मोबाईल बाहेर आले. मध्यंतरात त्यातल्या एकानं मला विचारलं, “आजोबा, यात हसायचं कुठं?” त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याला उत्तर द्यायचं तर जरा मागं जावं लागतं.

माणसानं अदृश्य व्हावं, ही इच्छा विज्ञानापेक्षा कितीतरी जुनी आहे. आपल्या लोककथांत गुप्त करणारं अंजन असतं, मंतरलेली मुळी असते, अंगठी असते. आमच्या पिढीनं हे सगळं ‘चांदोबा’त वाचलं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनंही अशाच एका अंगठीची गोष्ट सांगून विचारलंय की, कुणी पाहत नसेल तर माणूस नीट वागेल का? म्हणजे या कल्पनेच्या पोटात सुरुवातीपासून एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यानं १८९७ साली ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कादंबरी लिहिली आणि या जुन्या इच्छेला प्रयोगशाळेत आणून बसवलं. वेल्सची खुबी अशी की, त्यानं वाचकाकडं एकच गप्प मान्य करायला मागितली. माणूस अदृश्य होऊ शकतो, एवढं धरून चाला. त्यापुढचा हिशेब मात्र त्यानं चोख ठेवला. त्याचा ग्रिफिन अदृश्य झाला, पण त्याचे कपडे नाही झाले. म्हणजे अदृश्य राहायचं तर थंडीत उघडं फिरणं आलं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं. बर्फावर पावलं उमटतात. चिखल उडाला की तो हवेत लटकल्यासारखा दिसतो. जगावर राज्य करायला निघालेला हा माणूस सर्दीनं शिंकतो आणि तिथंच सापडतो. हसू इथं येतं आणि लगेच त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. याकोव पेरेलमान या रशियन लेखकानं पुढं आणखी एक गंमत दाखवून दिली. ज्याचे डोळेच पारदर्शक झाले त्याला दिसणार काय? प्रकाश दृष्टिपटलावर अडलाच नाही, तर तो माणूस आंधळाच होईल. अदृश्य माणसाचं विज्ञान असं पुढं पुढं नेलं की त्यातूनच विनोद निघतो. तो बाहेरून आणावा लागत नाही.

१९३३ साली हॉलिवूडमध्ये या कादंबरीवर चित्रपट झाला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. त्यात एक दृश्य आहे. रस्त्यानं नुसतीच एक विजार उड्या मारत, गाणं म्हणत चालली आहे आणि एक बाई किंचाळत पळते आहे. हे दृश्य आजच्या पोरांनाही हसवतं. त्यामागची युक्ती जॉन फुल्टन या तंत्रज्ञाची. नटाला डोक्यापासून हातापर्यंत काळ्या मखमलीनं झाकायचं, त्यावर कपडे चढवायचे आणि काळ्याच पडद्यासमोर उभं करायचं. काळ्यावरचं काळं फिल्मवर उमटत नाही, नुसते कपडे उमटतात. मग खोलीचं चित्रण वेगळं करून दोन्ही एकत्र जोडायचं. सांगायला सोपं, करायला महाकठीण.

आपल्याकडं हे आव्हान लगेच उचललं गेलं. विजय भट्ट यांनी १९३७ साली प्रकाश पिक्चर्ससाठी ‘ख्वाब की दुनिया’ काढला. त्यातल्या करामती बाबूभाई मिस्त्री नावाच्या, विशीही न गाठलेल्या सुरतच्या तरुणानं केल्या. त्याच्याकडं ना हॉलिवूडची यंत्रं होती, ना पैसा. त्यानं गडद पार्श्वभूमीसमोर बारीक काळ्या दोऱ्यानं वस्तू टांगल्या आणि हलवल्या. पेला आपोआप उचलला जातो, खुर्ची सरकते, लोक थक्क होतात. या कामामुळं बाबूभाईंना ‘काला धागा’ असं टोपणनावच पडलं. पुढं ‘संपूर्ण रामायण’सारखे पौराणिक चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा संगीतकार म्हणून प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट ‘पारसमणी’ (१९६३), तोही बाबूभाईंचाच. दोऱ्यांनी चालणारा तो सिनेमा आणि आज घरोघरी माहीत असलेली ती गाणी एकाच घरातून आली, असं म्हणायला हरकत नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. करामती दृश्यांचं आपल्या प्रेक्षकाला मुळीच वावडं नव्हतं. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत आणि आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी जे दाखवलं त्यावर लोकांनी जीव ओवाळला. आमच्या ताथवड्यापासून देहू काही फार लांब नाही. तुकोबांवरचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच्या शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं. ते विमान कसं केलं असेल, याची चौकशी आमच्या आजीच्या पिढीनं कधी केली नाही. त्यांनी हात जोडले. चमत्कार पडद्यावर यायच्या आधीच त्यांच्या मनात घर करून होता. पडद्यानं त्याला फक्त दार उघडून दिलं.

अदृश्य करणाऱ्या रसायनाला असं घर नव्हतं. प्रेक्षकाच्या मनात प्रयोगशाळेची जागा मोकळी होती आणि ती चित्रपटवाल्यांनी भरायला हवी होती. त्यांनी ती भरली नाही. त्यांनी ऋषींच्या दाढीला चष्मा लावला, कमंडलूच्या जागी काचेचं चंबूपात्र ठेवलं आणि मंत्राच्या जागी रसायनांची दोन-चार इंग्रजी नावं घातली. प्रेक्षकाला चमत्काराची श्रद्धा मिळाली नाही आणि विज्ञानाची गंमतही नाही.

१९५७ साली नानाभाई भट्ट यांनी ‘मिस्टर एक्स’ काढला. अशोक कुमार आणि आपली नलिनी जयवंत त्यात होते. संगीत गोव्याच्या दत्ता नाईक यांचं, म्हणजे एन. दत्ता यांचं. सात वर्षांनी शांतिलाल सोनी यांनी तेच ‘एक्स’ हे अक्षर उचललं, त्याला मुंबईचं नाव जोडलं आणि थोरल्या भावाऐवजी धाकट्या भावाला नायक केलं. नाव एवढं टिकाऊ ठरलं की २०१५ साली भट्ट घराण्यानंच ‘मिस्टर एक्स’ पुन्हा एकदा, तोही थ्रीडीत काढला.

१९६४ चा किशोर कुमार म्हणजे काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. त्यांना तो फक्त आवाज म्हणून माहीत आहे. ‘आराधना’नंतरचा, म्हणजे १९६९ नंतरचा पार्श्वगायक. त्याआधीचा किशोर कुमार हा देहानं विनोद करणारा नट होता. ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) पाहा, ‘हाफ टिकट’ (१९६२) पाहा. भुवया एकीकडं, हात दुसरीकडं, पाय तिसरीकडं. चालता चालता मध्येच गिरकी, बोलता बोलता मध्येच सूर. ‘हाफ टिकट’मध्ये हा धिप्पाड पुरुष अर्ध्या चड्डीत लहान मूल होऊन रेल्वेच्या डब्यात शिरतो आणि आपण ते मान्य करतो, कारण त्याचं अंगच तसं बोलतं. आणि १९६४ सालीच त्यानं स्वतः ‘दूर गगन की छाँव में’ हा अगदी गंभीर, हळवा चित्रपट दिग्दर्शित केला. म्हणजे प्रतिभा ऐन भरात होती.

आणि अशा नटाला ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’नं काय करायला लावलं? अदृश्य व्हायला!

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथं आहे. ज्याचा देह हेच हसण्याचं कारण, तोच देह कथेनं पुसून टाकला. कथेला रंग चढायची वेळ येते, म्हणजे नायक दिसेनासा होतो, नेमकी तेव्हाच त्याची सगळी आयुधं काढून घेतली जातात. मग उरतात तरंगत्या वस्तू आणि हवेतून ठोसे खाल्ल्याचा अभिनय करणारे गुंड. ठोसा खाणारा नट कितीही चांगला असला तरी ठोसा मारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात, तसंच हे.

दुसरं कारण तंत्राचं आहे. विनोदाला गती लागते. दोऱ्यानं वस्तू हलवायच्या असतील, किंवा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं असेल, तर कॅमेरा तसूभरही हलवून चालत नाही. प्रकाश तोच हवा, पार्श्वभूमी गडद हवी, माणसांनी आखलेल्या जागेवरच उभं राहायला हवं. जरा इकडं-तिकडं झालं की दोरा चमकलाच. त्यामुळं करामत आली की दृश्य गोठतं. किशोर कुमारची मूळ चाल वादळी आणि युक्तीची चाल गोगलगाईची. दोघांना एका जोखडाला जुंपलं तर गाडी पुढं जाणार कशी? १९६४ च्या प्रेक्षकाला पेला हवेत उचलला जाण्याचंच अप्रूप होतं, त्यामुळं त्याला गोठलेलं दृश्यही चाललं. आज ते अप्रूप उरलेलं नाही. उरतं ते फक्त थांबणं.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो साठच्या दशकाच्या अखेरीला, जत्रेत आलेल्या तंबूच्या सिनेमात. प्रत जुनी होती, मधेमधे तुटत होती. पुढं मातीत बसलेली आम्ही पोरं, मागं घोंगडीवर बसलेली मोठी माणसं. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो, हे खरं. पण त्या रात्री तंबूत सगळ्यात मोठा हशा पिकला तो पडद्यावरच्या कुठल्याच प्रसंगाला नव्हता. माझे धाकटे काका तेव्हा पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात कामाला होते. पडद्यावर ते जादूचं औषध आलं आणि काका मोठ्यानं ओरडले, “अरे, याचा बॅच नंबर काय?” तंबूत पिंपरीला कामाला जाणारे आणखी दहा-बारा जण होते. ते आधी हसले, मग त्यांच्याकडं पाहून सगळा तंबू हसला. मागून कुणीतरी जोड दिली, “आणि तारीख कधी संपतीय?” पुन्हा हशा. चित्रपट संपेपर्यंत हे चाललं.

तेव्हा मला तो नुसता वात्रटपणा वाटला होता. आता वाटतं, चित्रपट लिहिणाऱ्यांना जे सुचलं नाही ते काकांना बसल्या जागी सुचलं. वेल्सनं जे केलं तेच ते करत होते. औषध आहे ना? मग त्याला बॅच नंबर हवा, मात्रा हवी, तपासनीस हवा, शिक्का हवा. एक गप्प मान्य, पण पुढचा हिशेब चोख पाहिजे.

आणि तो हिशेब करायला लागणारं सामान इथं, आमच्या पंचक्रोशीतच पडलेलं होतं. पाहा ना. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्यामागं होती. पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. मोठमोठ्या टाक्यांत एक बुरशी वाढवायची, तिला खाऊपिऊ घालायचं, शुद्ध केलेली हवा द्यायची आणि ती जे स्रवते ते गाळून, शुद्ध करून, सुकवून बाटल्यांत भरायचं. आमच्या घरात भाकरीवर बुरशी आली की आजी ती टाकून देई आणि काका गमतीनं म्हणत, “टाकू नकोस, आम्हाला तिचाच पगार मिळतो.” शेतकऱ्याच्या पोराला विज्ञान भेटलं ते असं. दाढीवाला विक्षिप्त प्रोफेसर त्यात नव्हता. पांढरा डगला, पाळीची शिट्टी, धुऊन निर्जंतुक केलेले हात आणि वहीत लिहिलेले आकडे होते.

याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्म जीवांचा शोध घेत होते. पिंपरीच्या मातीतून त्यांनी एक जीव वेगळा काढला. बुरशीच्या रोगांवर उपयोगी पडणारं औषध त्यापासून मिळालं. १९६१ च्या सुमाराची ही गोष्ट. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं घेऊन त्या औषधाला ‘हामायसिन’ हे नाव दिलं गेलं. आणि त्या जीवाचं शास्त्रीय नाव काय ठेवलं? ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’! आमच्या पिंपरीचं नाव लॅटिन वळणानं जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात जाऊन बसलं.

म्हणजे बघा, मुंबईच्या एका स्टुडिओत लोक दोरे बांधून अदृश्य माणूस रंगवत होते, तेव्हा इकडं पिंपरीत डोळ्यांना न दिसणारा एक खरा जीव मातीतून शोधून त्याला कामाला लावलं गेलं होतं. त्या खऱ्या अदृश्याची कथा कुणी केली नाही. विनोद तर त्यात भरपूर होता. मातीचे नमुने गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाला बांधावरच्या शेतकऱ्यानं काय काय विचारलं असेल, याची नुसती कल्पना करा!

मला वाटतं, विज्ञान-विनोद पडद्यावर फसला तो इथं. लेखकांनी विज्ञान जिथं चाललं होतं तिथं जाऊन पाहिलं नाही. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्यांचा देखावा आणि शास्त्रज्ञ म्हणजे एक चक्रम म्हातारा, हा साचा त्यांनी बाहेरून आणला. आमच्याकडं विज्ञान गणवेश घालून, डबा घेऊन, सायकलवरून पाळीला जात होतं. नुकसान एका चित्रपटाचंच झालं असतं तर त्याबद्दल बोलायचं कारण नव्हतं. पण शास्त्रज्ञ म्हणजे आपल्यातला नसलेला कुणीतरी वेडा, ही समजूत अशा चित्रपटांनी पोरांच्या मनात घट्ट केली. कारखान्यात रोज विज्ञान हाताळणारा माझा काकाही स्वतःला विज्ञानातला माणूस समजत नव्हता. तो म्हणायचा, “आम्ही बाटल्या भरणारे.” आणि हे त्या काळात, जेव्हा नेहरू वैज्ञानिक दृष्टीचा सतत आग्रह धरत होते आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये थुंब्याहून पहिलं रॉकेट आकाशात गेलं होतं.

वास्तविक आपल्या सिनेमाची सुरुवात याच्या उलट झाली होती. फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ च्या सुमारास, एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत बी लावायचं आणि रोज थोडं थोडं चित्रण करत जायचं. पडद्यावर मात्र रोप डोळ्यांदेखत भराभरा वाढताना दिसतं. ती दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. त्यात दोरा नव्हता, मखमल नव्हती. जे खरंच घडतं, पण डोळ्यांना दिसत नाही, ते त्यांनी दाखवलं. हा धागा पुढं कुणी धरला असता तर आपल्या विज्ञानपटांची तऱ्हा निराळी झाली असती.

मग अदृश्य माणसाचा विनोद आपल्याकडं कधी जमलाच नाही का? जमला. १९८७ साली शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त तो उत्तम जमला. सलीम-जावेद यांची पटकथा, पीटर परेरा यांच्या करामती. त्या चित्रपटानं दोन-तीन गोष्टी अचूक केल्या. पहिली म्हणजे नियम स्पष्ट ठेवला. लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो. एवढ्या एका नियमानं प्रत्येक लाल दिव्याबरोबर प्रेक्षक सावरून बसतो. दुसरी गोष्ट, नायक दिसेनासा झाला की विनोदाचं काम दिसणाऱ्या माणसाकडं दिलं. जुगाराच्या अड्ड्यावर श्रीदेवी चार्ली चॅप्लिनच्या वेशात जाते, ते आठवा. मदत अदृश्य नायक करतो, पण आपण हसतो ते तिच्या देहाला. गुंडांना मार बसतो तेव्हाही हवेत हनुमानाची मूर्ती दिसते. डोळ्यांना धरायला काहीतरी दिलेलं आहे. आणि तिसरी गोष्ट, अदृश्य होऊन करायचं काय, याला उत्तर होतं. अनाथ पोरांची भूक होती, काळाबाजार करणारे होते. ठोसा कुणाला बसतोय हे प्रेक्षकाला कळत होतं आणि तो बसावा असं त्याला मनापासून वाटत होतं.

मराठीत महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) पाहा. ते विज्ञान नव्हे, भूतकथाच. पण पेच तोच, न दिसणाऱ्याला दाखवायचं कसं? त्यांनी दुष्टाचा आत्मा एका बाहुल्यात घातला. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला हलवला, दिलीप प्रभावळकर यांनी त्याला आवाज दिला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे घाबरायला मोकळा ठेवला. तात्या विंचू बाहुला असला तरी त्याला देह आहे, आणि लक्ष्याचा देह तर सगळा विनोदच. म्हणून तो चित्रपट आजही दूरदर्शन संचावर लागला की घरातली तीन पिढ्यांची माणसं बसून पाहतात. अलीकडं २०१६ मध्ये सुजय डहाके यांनी ‘फुंतरू’मध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना आणि त्यांच्या निर्मितीला पडद्यावर आणलं. चित्रपट कसा वाटला हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण विज्ञान आपल्या आसपासच्या पोरांच्या हाती दिलं, हे पाऊल मला मोलाचं वाटतं.

‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’त एक गोष्ट मात्र हातून निसटून गेली याची हळहळ वाटते. नायक दिसेनासा झाला तरी त्याचा आवाज उरतो. आणि तो आवाज किशोर कुमारचा! देह वजा केल्यावर जे उरतं त्यावर आख्खा चित्रपट उभा राहू शकला असता. ते कसं करायचं हे आपल्याकडं ठाऊक नव्हतं असंही नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘प्रपंच’मधली पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही मंडळी श्रोत्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी ती घरातलीच झाली होती. पुणे केंद्र १९५३ पासून या भागात ऐकू येत होतं. नुसत्या आवाजावर हसायची सवय लोकांना लागलेली होती. चित्रपटवाल्यांनी दोऱ्याकडं लक्ष दिलं, आवाजाकडं दिलं नाही. फक्त त्या एका गाण्यात तो आवाज मोकळा सुटला आणि तेवढंच टिकलं. तेही टिकलं ते रेडिओमुळंच. नायकाला न पाहता लोकांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं.

कुणी म्हणेल, मग असा न जमलेला चित्रपट जपायचा कशाला? योगायोग असा की, तो ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १९६४ मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. पी. के. नायर यांनी तिथं आयुष्य घातलं आणि चांगला चित्रपट, वाईट चित्रपट असा भेद न करता रिळं गोळा केली. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा जळाला. मूकपटांच्या काळातले तर बहुतेक चित्रपट आता नावापुरतेच उरले आहेत. जळताना आग निवड करत नाही. म्हणून जपतानाही आपण फार निवड करू नये.

उत्तम चित्रपट आपल्याला कलावंत कळवतो. फसलेला चित्रपट काळ कळवतो. त्या वर्षी लोकांना कशाचं अप्रूप होतं, कशाची भीती होती, शास्त्रज्ञ म्हटल्यावर डोळ्यांपुढं कोण उभं राहत होतं, पैसा किती थोडा होता आणि त्या थोड्या पैशात हातानं काय काय केलं जात होतं, हे सगळं त्या फसलेल्या रिळांत नोंदलेलं असतं. बाबूभाई मिस्त्रींचा दोरा आज संगणकावर एका क्षणात पुसता येतो. पण तो पुसू नये, असं मला वाटतं. तो दोरा म्हणजे कुणाच्यातरी हाताचा पुरावा आहे.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की, हसायचं कुठं ते शोधू नकोस, हसू कुठं हरवलं ते शोध. तो संगणकशास्त्र शिकतो. म्हणाला, “आजोबा, आम्ही जे शिकतो त्यात तर सगळंच अदृश्य असतं. त्यावर विनोद कसा करायचा?” मी म्हटलं, बॅच नंबरपासून सुरुवात कर. मग त्याला काकांची गोष्ट सांगितली. तो हसला, आणि त्याच्या शेजारचे दोघेही.

ताथवड्यापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात आज हजारो माणसं न दिसणाऱ्या गोष्टी घडवतात. यंत्राच्या पोटातल्या आज्ञा, केसाहून बारीक मोजमापं, बंद टाकीत चालणाऱ्या प्रक्रिया. उपाहारगृहात जेवताना ती त्यावर विनोदही करतात आणि ते विनोद फक्कड असतात. ते अजून पडद्यावर यायचे आहेत. आणणाऱ्यानं आधी एखादी पाळी त्यांच्यासोबत काढावी आणि त्यांच्या पंगतीला बसून ते ऐकावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)